मुलांची दादागिरी, मोठ्यांवर कलम

ग्वाल्हेरला किला गेटपाशी रिक्षा सोडली की पुढचा चढ पायीच चढायचा. आधी आलमगिरी दरवाजा, मग गुजरी महाल, मग एकामागून एक दरवाजे. वाटेत कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. त्यातला शिलालेख इसवी सन 876 चा आहे. त्यात देवाच्या बागेची लांबी 270 हात आणि रोज वाहायच्या माळा 50 अशी नोंद आहे. दोन्ही आकड्यांतलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे. जगभरचे गणिताचे अभ्यासक एवढ्यासाठी इथे येतात. वर पोहोचलं की मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशीतली पिवळी बदकं, आणि त्याच पठारावर पुढे एक शाळा.

सिंधिया स्कूल 1897 मध्ये महाराज माधवराव शिंद्यांनी काढली. तेव्हा ती सरदारांच्या मुलांची शाळा होती. ग्वाल्हेरचे सरदार म्हणजे शितोळे, आंग्रे, जाधव. तेव्हा पहिल्या वर्गांत मराठी किती ऐकू येत असेल याचा अंदाज करता येतो. इथल्या वसतिगृहांना जयाजी, राणोजी, महादजी, दौलत अशी नावं आहेत, आणि लहान मुलांच्या एका वसतिगृहाचं नाव कण्हेरखेड. हे सातारा जिल्ह्यातलं शिंद्यांचं मूळ गाव. आठ-दहा वर्षांचा कुठलातरी मुलगा चंबळच्या उन्हात 'मी कण्हेरखेडचा' असं सांगत असेल, ही कल्पना मला फार आवडते.

1930 च्या दशकात या शाळेने इंग्रजी पब्लिक स्कूलचा साचा घेतला. त्या साच्यात वसतिगृहाचा कारभार बराचसा मोठ्या मुलांच्या हाती असतो. लहानांनी वेळेवर उठावं, रांगेत जावं, दिवे मालवल्यावर झोपावं हे पाहायला मास्तर नसतो, वरच्या वर्गातला मुलगा असतो. इंग्लंडमध्ये रग्बी गावच्या शाळेत टॉमस अर्नोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत नावारूपाला आणली, आणि त्याच शाळेवर बेतलेल्या 1857 च्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत तिचं दुसरं टोकही आलं: लहान मुलांना छळणारा फ्लॅशमन. मोठ्या मुलाच्या हाती अधिकार दिला की तो जबाबदारी शिकतो. दादागिरीही तो तिथेच शिकतो. दीडशे वर्षं निवासी शाळा या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली सांभाळत आल्या आहेत.

ऑगस्ट 2014 मध्ये या शाळेच्या वसतिगृहात नववीतल्या एका मुलाने गळफास घेण्याचा प्रयत्न केला. वरच्या वर्गातल्या मुलांनी छळलं, असा आरोप घरच्यांनी केला आणि देशभर बातम्या झाल्या. तेव्हा अनेक वर्तमानपत्रांनी त्या मुलाचं नाव, घराणं, फोटो सगळं छापलं. मी इथे नाव देत नाही. आजच्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 पीडित मुलाची, साक्षीदार मुलाची आणि आरोपी मुलाचीसुद्धा ओळख उघड करायला मनाई करतं, आणि 2014 मध्येही आधीच्या कायद्यात अशी मनाई होतीच. छळ सोसलेल्या मुलाला पुढे आयुष्यभर 'तो मुलगा' म्हणून ओळखलं जाणं हा छळाचाच पुढचा अंक आहे, हे कायद्याला बातमीदारांच्या आधी कळलं होतं.

पण मला खरं कुतूहल आहे ते गोष्ट इतक्या टोकाला जाण्याच्या अलीकडचं. समजा, कुठल्याही एका वसतिगृहात नववीतला एक मुलगा सातवीतल्या मुलाकडून रोज बूट पुसून घेतो. त्याच्या घरून आलेला चिवड्याचा डबा फोडतो. 'मास्तरांना सांगितलंस तर बघ,' म्हणतो आणि रात्री चादर ओढून नेतो. हा गुन्हा कोणता?

भारतात शाळेतल्या दादागिरीसाठी केंद्राचा वेगळा कायदा नाही. मग वकील तुकडे गोळा करायला लागतात. मारलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 115, धमकावलं असेल तर 351, वाट अडवली असेल तर 126. कलमं मिळाली, तर पुढचा प्रश्न तयारच: आरोपी कोण? तोही मूलच, चौदा वर्षांचा. सात वर्षांच्या आतल्या मुलाने काहीही केलं तरी तो गुन्हा होत नाही. सात ते बारा वयाच्या मुलाबाबत त्याला आपल्या कृत्याचा अर्थ कळत होता का, हे आधी ठरवावं लागतं. त्यापुढे अठरापर्यंत बाल न्याय कायदा. त्याचे 2016 चे नियम वाचताना मी थबकलो. सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षेचा घोर गुन्हा नसेल आणि मोठ्या माणसाबरोबर मिळून केलेला नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचाच नाही. पोलिसाने ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरची परिस्थिती लिहायची आणि कागद बाल न्याय मंडळाकडे पाठवायचे. मुलाला बेडी नाही, कोठडी नाही, समोरचा पोलीसही साध्या कपड्यांत. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक स्त्री असायलाच हवी. ते समज देऊ शकतात, समुपदेशनाला पाठवू शकतात, समाजसेवा करायला लावू शकतात.

बरं, शाळेतून काढून टाकावं तर? शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा आली, काढण्याची आली नाही. म्हणजे दादा सातवीतलाच असेल, तर त्याला शाळेत शिकण्याचा तितकाच हक्क आहे जितका त्याच्या हाताखाली रडणाऱ्या मुलाला. पालकांच्या सभेत हे सांगितलं की आवाज चढतात. मला मात्र यात एक कोवळी हुशारी दिसते. दोन्ही मुलं अजून घडत आहेत, आणि कायद्याला दोघांचीही काळजी वाहायची आहे.

मग या सगळ्या कलमांची धार कुणाकडे वळलेली आहे? एकेक कलम उलटून पाहिलं की उत्तर सगळीकडे तेच निघतं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17: कुठल्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ होऊ नये. कुणाकडून, ते वाक्यात नाही. पण मोडणाऱ्यावर कारवाई काय, तर त्याला लागू असलेल्या सेवानियमांप्रमाणे. सेवानियम मुलांना नसतात, ते नोकरदाराला असतात. बाल न्याय कायद्याचं कलम 75: मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने त्याला मारलं, टाकून दिलं, त्याची हेळसांड केली, किंवा तसं होऊ दिलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. तो मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेचा नोकर असेल तर पाच वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत दंड. लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा तर फारच बारकाईने लिहिलेला आहे. कळूनही कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणारा संस्थाप्रमुख असेल तर वर्षभरापर्यंत. आणि लगेच खाली एक छोटंसं पोटकलम: न कळवल्याची शिक्षा मुलाला लागू नाही. मैत्रिणीची गोष्ट पोटात ठेवणारी बारा वर्षांची मुलगी निर्दोष, तीच गोष्ट टेबलाच्या खणात ठेवणारा मुख्याध्यापक दोषी.

महाराष्ट्राने हे सर्वांत स्पष्ट लिहिलं, तेही 1999 मध्ये. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम हा मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठीचा कायदा, अशी आपली समजूत. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर तो बातम्यांत होता. पण त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या महाविद्यालयावर थांबत नाही. शिकवण्याचं काम करणारी कुठलीही संस्था, वसतिगृह, अनाथाश्रम, खासगी शिकवणीसुद्धा तिच्यात येते. आणि रॅगिंगची व्याख्या? ज्याने विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज, संकोच वाटेल असं वागणं. त्याने एरवी स्वखुशीने केली नसती अशी गोष्ट त्याला करायला लावणं. आपला बूट पुसणारा सातवीतला मुलगा या वाक्यात चपखल बसतो.

लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य असेल तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे धाडायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि मग कलम 7. प्रमुखाने यात कुचराई केली तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं मानलं जाईल, आणि शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. 'मी तर केबिनमध्ये होतो' हा बचाव या कायद्याने मुळापासून उखडलाय. (शाळांच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत हे कलम छापायला काय हरकत आहे? संस्थापकांच्या फोटोखाली जागा असते.) एक अडचण उरते. याच कायद्यात दोषी विद्यार्थ्याला काढून टाकून पाच वर्षं कुठे प्रवेश न देण्याची तरतूद आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ती लावली तर शिक्षण हक्काचं कलम 16 आडवं येतं. 1999 मध्ये विधिमंडळाच्या डोळ्यांसमोर महाविद्यालयीन पोरं असणार.

ग्वाल्हेरची शाळा महाराष्ट्रात नाही, तिला हा कायदा लागू नाही. पण ती सीबीएसईची शाळा आहे. सीबीएसईने 9 मार्च 2015 रोजी शाळांतली दादागिरी आणि रॅगिंग रोखण्यासाठी परिपत्रक काढलं. प्रत्येक शाळेत समिती हवी; तीत उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालकांचा आणि व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, कायद्याचा जाणकार, आणि मुलांमधलेच काही. शिक्षांची चढती भाजणी आहे: समज, लेखी ताकीद, निलंबन, निकाल राखून ठेवणं, अगदी टोकाला शाळेतून नाव काढणं. परिपत्रक कायद्याइतकं वजनदार नसतं, पण मान्यता देणाऱ्याचं पत्र कुठलाही प्राचार्य केराच्या टोपलीत टाकत नाही.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, 24 मार्च 2015 ला, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांचा हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विजय म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा आहेच. त्याचं मूळ आपल्या पालघरला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. दिल्लीची श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. कलमाचे शब्द असे होते की फोनवरून पाठवलेल्या मजकुराने कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली, अपमान झाला तरी तीन वर्षांपर्यंत कैद. एवढ्या सैल शब्दांत कुणीही अडकू शकतो, म्हणून न्यायालयाने ते फेकून दिलं.

आता त्याच कलमाकडे शाळेच्या बाजूने पाहा. 'नववी अ ऑफिशियल' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. त्याच्या शेजारी आणखी एक ग्रुप, ज्यात वर्गातली सगळी मुलं आहेत, एक सोडून. त्या एकाचा शिंकतानाचा फोटो कुणीतरी कापून स्टिकर केलाय. गणिताच्या पेपराबद्दल कुणी काही विचारलं की उत्तरादाखल तो स्टिकर पडतो. शंभरदा. मुलगा वर्गात शिरला की सगळे एकदम शिंकतात, आणि त्याला कारण कळत नाही. मारहाण नाही, धमकी नाही, अश्लील काही नाही. 66अ जिवंत असतं तर ते इथे लागू झालं असतं. आज काय लागू होतं? खोटं खातं उघडून फसवणूक केली असेल तर 66ड. दुसऱ्याचा पासवर्ड वापरला असेल तर 66क. खासगी अवयवांचा चोरून फोटो काढला तर 66ई, मुलांचं लैंगिक चित्रण असेल तर 67ब, मुलीचा ऑनलाइन पिच्छा पुरवला तर न्याय संहितेचं 78. शिंकेच्या स्टिकरवर यातलं एकही नीट बसत नाही.

यात न्यायालयाचं चुकलं असं मला वाटत नाही. छळणाऱ्याला पकडायला विणलेलं जाळं पालघरच्या दोन मुलींनाच अडकवत होतं. केरळने नोव्हेंबर 2020 मध्ये पोलीस कायद्यात तसंच नवं कलम वटहुकुमाने आणलं आणि टीकेचा भडिमार होताच काही दिवसांत मागे घेतलं. त्रास हा शब्द जितका रुंद, तितका तो आधी दुबळ्याला अडकवतो. न्यूझीलंडने त्याच 2015 मध्ये वेगळी वाट काढली: आधी नेटसेफ नावाची संस्था दोन्ही बाजूंशी बोलून मजकूर उतरवून घेते, नाहीच जमलं तर न्यायालय.

या विषयाचा अभ्यास सरकारच्या दारी पोचला तोच दुःखातून. 1982 च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वयाच्या तीन मुलांनी जीव दिला. पुढच्या वर्षी सरकारने देशभर मोहीम काढली आणि डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञाने बर्गनच्या 42 शाळांतल्या सुमारे 2500 मुलांवर तिचा परिणाम मोजला. दादागिरी जवळपास निम्म्याने घटली होती. तोवर 'पोरं आहेत, चालायचंच' हे जगभरच्या मास्तरांचं ठरलेलं वाक्य होतं. घट मोजता आली म्हणजे चालायचंच नव्हतं. जपानने 2011 च्या ओत्सू शहरातल्या एका मृत्यूनंतर 2013 मध्ये कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमात मुलांना एका ओळीत बजावलं आहे की दादागिरी करू नका. मोडल्यास शिक्षा काय? काहीच नाही. मुलाला फक्त आज्ञा आहे. नियम बनवणं, समिती नेमणं, गंभीर घटनेची चौकशी करणं ही सगळी सक्ती शाळेवर आणि प्रशासनावर. आणि छळ झाला की नाही, हे ठरतं सोसणाऱ्या मुलाला वेदना झाली का यावरून; इंटरनेटवरून दिलेली वेदनाही त्यात धरली आहे. आपला शिंकेचा स्टिकर ओत्सूमध्ये व्याख्येत बसतो.

फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये वर्गातल्या भूमिका मोजल्या, तेव्हा छळणारा आणि छळ सोसणारा यांच्याभोवती आणखी मंडळी सापडली: मदतनीस, हसून दाद देणारे, मान खाली घालणारे, आणि थोडेसे वाचवणारे. दादाला मार देण्यात रस नसतो, प्रेक्षकांत असतो. म्हणून तिथला 'किवा' उपक्रम प्रेक्षकांवर काम करतो. सुटीत मैदानावर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकांना तो लांबून दिसणारी पिवळीधमक जाकिटं देतो.

वाचवणाऱ्याची गोष्ट ग्वाल्हेरच्या किल्ल्याला नवी नाही. मुघलांनी हा किल्ला राजबंद्यांसाठी वापरला. जहांगीरने इथे कैदेत ठेवलेले शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांची सुटका झाली, तेव्हा सोबतच्या बंदिवान राजांना सोडून ते एकटे बाहेर यायला तयार झाले नाहीत, असं शीख परंपरा सांगते. जितके राजे तुमच्या अंगरख्याला धरून येतील तितके न्या, असं जहांगीरकडून उत्तर आलं. गुरूंनी 52 गोंडे लावलेला अंगरखा शिवून घेतला, आणि 52 राजे एकेक गोंडा धरून बाहेर पडले. तिथे आज दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, शाळेच्याच पठारावर.

पालकांसाठी यातलं कामाचं काय ते सांगतो. फोनवरचा मजकूर पाहून संतापाने आधी ब्लॉक करू नका. आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख, वेळ, नंबर किंवा खात्याचं नाव दिसेल असा. मूळ फोन पुसू नका, कारण पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागलं तर ते त्या उपकरणावरून द्यावं लागतं. मूल संकटात असेल तर 1098, ऑनलाइन गुन्हा असेल तर केंद्र सरकारचं सायबर गुन्ह्यांचं पोर्टल. अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा; 2021 च्या नियमांनी तो नेमणं सक्तीचं आहे. समोरच्या मुलाच्या घरी जाऊन भांडू नका, तिथून काही हाती लागत नाही. आणि शाळेत मुख्याध्यापकांशी चहा घेत बोलून परतू नका. दोन परिच्छेदांत काय, कधी, कुणासमोर झालं ते लिहा, कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. महाराष्ट्रात सात दिवस लेखी तक्रारीपासून मोजतात.